जुन्या बाहुल्या कुठे गेल्या?

प्रश्न : 1980च्या सुमारास मी शिक्षणासाठी अमेरिकेत होतो आणि आमची मुलगी तेव्हा तीन-चार वर्षांची होती. ती रोज ‘सेसमी स्ट्रीट’ हा लहान मुलांचा, बाहुल्यांचा टीव्ही कार्यक्रम पाहत असे आणि तिच्याहून मीच अधिक रमत असे. बर्ट आणि अर्नी यांची कुरबूर, वेटर होऊन गिऱ्हाइकाला सळो की पळो करून सोडणारा ग्रोव्हर, कचऱ्याच्या डब्यात राहून साऱ्या जगावर चिडणारा ऑस्कर, विजांच्या कडकडाटात आकडे मोजणारा काउंट ही मंडळी आमच्या घरचीच झाली होती. पुढे आम्ही कोल्हापूरला परतलो. आता त्याच मुलीची मुलगी सुटीत आजोळी येते आणि टॅबवर तोच कार्यक्रम लावते. पण जिकडेतिकडे लाल एल्मो दिसतो आणि बर्ट-अर्नी शोधावे लागतात. पैशासाठी जुन्या बाहुल्या मोडीत काढल्या, असे माझे मत झाले आहे. ते बरोबर आहे, की हा माझ्या वयाचा परिणाम समजायचा?
– एक आजोबा, ताराबाई पार्क, कोल्हापूर

उत्तर : वयाचा परिणाम थोडाफार असेलही, परंतु आपण म्हणता तो बदल खरोखरच झालेला आहे, त्यामुळे आपली हळहळ तेवढ्यावर निकालात काढता येणार नाही. पैशाचा आरोप मात्र अर्धाच टिकतो, आणि उरलेल्या अर्ध्याचे कारण बाहुलीच्या आत घातलेल्या हातात सापडते.

आपण ज्या पाच पात्रांची नावे घेतली आहेत, त्यांच्या आत मिळून चारच माणसे होती. अर्नी म्हणजे या बाहुल्यांचे जनक जिम हेन्सन. बर्ट आणि ग्रोव्हर हे दोन्ही फ्रँक ऑझ. काउंट म्हणजे जेरी नेल्सन, आणि ग्रोव्हरला वैतागलेले ते गिऱ्हाईकही तेच. आणि ऑस्कर म्हणजे कॅरोल स्पिनी, जे बिग बर्ड या उंच पिवळ्या पक्ष्याच्या पिसांतही शिरत असत आणि उजवा हात डोक्यावर उंच धरून त्याची चोच हलवत असत. बर्ट-अर्नीची जी कुरबूर आपल्याला आठवते ती हेन्सन आणि ऑझ यांच्या मैत्रीतून आलेली होती. अनेकदा संहितेतल्या ओळी संपल्यावरही ते दोघे एकमेकांना डिवचत राहत आणि त्यातूनच उत्तम क्षण निघत. ऑझ 1980च्या दशकात चित्रपट दिग्दर्शनाकडे वळले आणि त्यांचे बाहुलीमंचावर येणे कमी होत गेले. मे 1990 मध्ये हेन्सन गेले, 1992 मध्ये रिचर्ड हंट हे आणखी एक कसलेले बाहुलीकार गेले, आणि 2012 मध्ये नेल्सनही गेले. बर्टच्या हाताला वेळ नाही आणि अर्नीचा हातच उरलेला नाही, अशा स्थितीत त्या जोडीचे नवे प्रवेश रोज कोठून येणार?

एल्मोचा उदय नेमका याच काळातला आहे. ही लाल बाहुली आधीपासून पडून होती. हंट यांनाही ती कधी आवडली नाही आणि त्यांनी ती केव्हिन क्लॅश या तरुण सहकाऱ्याकडे अक्षरशः फेकली, ही हकिकत त्या मंडळींनी स्वतःच अनेकदा सांगितलेली आहे. क्लॅश यांनी तिला कोवळा आवाज आणि साडेतीन वर्षांच्या मुलाचा स्वभाव दिला आणि पाहता पाहता ती सर्वांच्या पुढे गेली. 1996च्या नाताळात गुदगुल्या केल्यावर हसणाऱ्या एल्मोच्या खेळण्यासाठी अमेरिकेतल्या दुकानांत झुंबड उडाली; आपला पैशाचा आरोप येथे लागू पडतो. मात्र त्याच सुमारास कार्यक्रम पाहणाऱ्या मुलांचे वयही खाली येत होते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आखलेला कार्यक्रम दोन वर्षांची मुलेही पाहू लागली, आणि त्या वयाला ऑस्करचा तिरकसपणा समजत नाही, एल्मो मात्र समजतो. 1998 पासून एल्मोला कार्यक्रमाच्या शेवटी स्वतःचा भाग मिळाला, 2002 मध्ये छोट्या तुकड्यांची जुनी रचना मोडून सलग गोष्टींवर भर देण्यात आला, आणि 2016 मध्ये नवे भाग आधी एचबीओ या सशुल्क वाहिनीवर दिसू लागले तेव्हा तासाचा कार्यक्रम अर्ध्या तासाचा झाला. वेळ निम्म्यावर आल्यावर मोजकीच पात्रे पुढे ठेवली गेली आणि बर्ट-अर्नी मागच्या रांगेत गेले. एवढ्यावर मला आपल्या बाजूने बोलावेसे वाटते. जुना कार्यक्रम आईबापांनीही शेजारी बसावे अशा बेताने लिहिलेला असे आणि त्यातले निम्मे विनोद मोठ्यांसाठीच असत. नव्या कार्यक्रमाने मूल एकटेच पाहणार हे गृहीत धरलेले दिसते, आणि हे नुकसान मी लहान मानत नाही.

तरीही सगळे बदल त्याच मापाने मोजू नयेत. बिग बर्डचा मित्र स्नफलपगस हा केसाळ, हत्तीसारखा प्राणी अनेक वर्षे मोठ्या माणसांना दिसतच नसे आणि तो बिग बर्डच्या कल्पनेतलाच आहे असे ते समजत. 1985 मध्ये तो सर्वांना दिसला, कारण आपण खरे सांगितले तरी मोठे विश्वास ठेवत नाहीत असे मुलांच्या मनात बसले, तर अत्याचार सोसणारे मूलही गप्प राहील, अशी काळजी निर्मात्यांना वाटू लागली होती. एक चांगला विनोद त्यात कायमचा गेला, आणि तो जाणेच योग्य होते. याउलट 2006 मध्ये जुने भाग डीव्हीडीवर आले तेव्हा ‘हे प्रौढांसाठी आहेत, आजच्या लहान मुलांच्या गरजांना ते कदाचित अनुरूप नसतील’ अशा अर्थाची सूचना त्यांवर होती. ज्या कार्यक्रमावर आपली मुलगी वाढली त्याच्याच जुन्या भागांना ही पाटी लावलेली पाहून आपल्याला राग आला, तर तो मला समजू शकतो.

आता आपल्या मूळ दुःखाकडे येतो. दुकानदार हूपर यांची भूमिका करणारे विल ली 1982 मध्ये वारले, तेव्हा त्यांच्या जागी दुसरा नट आणला नाही. 1983 मध्ये बिग बर्डला, आणि त्याच्यामार्फत मुलांना, हूपर आता परत येणार नाहीत असे सरळ सांगण्यात आले. हेन्सन गेल्यावर मात्र अर्नीचे असे काहीही झाले नाही. काही काळानंतर स्टीव्ह व्हिटमायर यांनी हात घातला आणि अर्नी पुन्हा बोलू लागला. माणूस मरतो आणि बाहुली मरत नाही, हा नियम कोल्हापूरकरांना परका वाटू नये. गायक नट केशवराव भोसले 8 जुलै 1921 रोजी मुंबईत ‘मानापमान’ या संगीत नाटकाच्या संयुक्त प्रयोगात बालगंधर्वांसमोर नायक धैर्यधर म्हणून उभे राहिले आणि त्याच वर्षी त्यांचे निधन झाले, तरी धैर्यधर पुढेही गात राहिला, मात्र ज्यांनी केशवराव ऐकले त्यांना तो पुन्हा तसा ऐकू आला नसणार. आपला अर्नी तसा आहे. आपल्या नातीचा एल्मोही आता पहिला राहिलेला नाही, कारण क्लॅश 2012 मध्ये बाहेर पडले आणि त्या बाहुलीत आता दुसऱ्याचा हात आहे; हे तिला जाणवलेले नाही, आणि आपण तिला सांगण्याचे कारणही नाही.

प्रश्न : ‘सेसमी स्ट्रीट’मधल्या बिस्किटांवर तुटून पडणाऱ्या कुकी मॉन्स्टरने आता बिस्किटे सोडून भाजी खायला सुरुवात केली आहे, हे खरे का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : ही अफवा आहे. 2005 पासून कार्यक्रमात आरोग्यदायी सवयींवर भर आला आणि बिस्किटे केव्हातरीच खावीत असे तो म्हणू लागला; तो फळेही खातो, परंतु बिस्किटे त्याने सोडलेली नाहीत. तशी ती खरी बिस्किटे कधीच नव्हती. तेला-तुपाने बाहुलीचे कापड खराब होते, म्हणून तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांसारख्या कोरड्या वस्तू रंगवून वापरल्या जात.

प्रश्न : मी लहानपणी टीव्हीवर ‘गल्ली गल्ली सिम सिम’ पाहायचे. चमकी, बूंबा, आंचू आणि गुगली आता माझ्या तीन वर्षांच्या मुलाला दाखवावेत का? तो मोबाइलवरच्या भराभर हलणाऱ्या चित्रांना सोडायला तयार नाही.
– एक आई, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : जरूर दाखवावेत. 2006 मध्ये सुरू झालेला हा कार्यक्रम ‘सेसमी स्ट्रीट’चाच भारतीय अवतार होता, तरी शाळेच्या गणवेशातली प्रश्न विचारणारी चमकी आणि भांगडा आवडणारा सिंह बूंबा ही खास येथली पात्रे होती, आणि त्यांचे तुकडे आजही इंटरनेटवर मिळतात. सुरुवातीला मूल कंटाळेल, कारण बाहुली थांबते, वळते आणि मगच बोलते. आपण शेजारी बसून चमकीच्या प्रश्नांना मोठ्याने उत्तरे दिलीत, तर तोही देऊ लागेल. पडद्याबाहेरची बाहुली दाखवायची असेल, तर आपल्याला दूर जावे लागणार नाही. घाट उतरून कुडाळजवळच्या पिंगुळीला जावे; तेथे ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी, म्हणजे चित्रे दाखवत गोष्ट सांगणे, यांची परंपरा जिवंत ठेवली आहे, आणि तिच्यासाठी आयुष्य वेचणारे परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. शब्दभ्रमाचे प्रयोग शहरात लागतील तेव्हा तेही चुकवू नयेत. पाध्ये घराण्याचा अर्धवटराव वडिलांकडून मुलाकडे आला आणि आता तिसरी पिढीही बोलक्या बाहुल्या घेऊन उभी राहते. तीन वर्षांच्या मुलासाठी पुढच्या रांगेतली जागा घ्यावी. प्रयोगानंतर कलाकार तयार असतील, तर बाहुलीचा जबडा आतून कसा हलतो तेही त्याला पाहू द्यावे.