लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन शिकायला कॉलेज कसं निवडावं?

पदवीनंतर लॉजिस्टिक्स आणि सप्लाय चेन मॅनेजमेंट शिकायचंय, पण सगळ्या कॉलेजांची माहितीपत्रकं सारखीच वाटतात, मग निवडायचं कशावरून, असं तुम्ही विचारलंय. मी सप्लाय चेन प्लॅनिंगमध्ये काम करतो, नव्या मुलांच्या मुलाखतीही घेतो. तेव्हा मुलाखत घेणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

आधी सिलॅबस मिळवा आणि त्यात गणित किती आहे ते बघा. संख्याशास्त्र, फोरकास्टिंग, इन्व्हेंटरी, लिनिअर प्रोग्रामिंग (मर्यादांमध्ये बसणारा सर्वात चांगला पर्याय शोधायचं गणित) सक्तीचं नसेल आणि नेतृत्वगुण वगैरेचीच रेलचेल असेल, तर तो साधा एमबीए आहे, फक्त पाटी बदललेली.

माझा एक ठरलेला प्रश्न आहे. दोन पुरवठादार, दोघांचाही सरासरी लीड टाइम, म्हणजे ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंतचा काळ, ३० दिवस. एकाचा माल २८ ते ३२ दिवसांत येतो, दुसऱ्याचा कधी १५ दिवसांत, तर कधी ४५. जास्त साठा कोणासाठी ठेवाल? ‘सरासरी सारखीच, म्हणजे साठाही सारखाच’ असं उत्तर नावाजलेल्या कॉलेजांतली मुलंही बिनधास्त देतात. सेफ्टी स्टॉक, म्हणजे अडीनडीसाठी ठेवलेला जादा साठा, चढउतारावर ठरतो हे त्यांनी वाचलेलं असतं, पण एक्सेलमध्ये आकडे स्वतः फिरवून पाहिलेले नसतात. म्हणून तिथल्या सीनियर मुलांना गाठा आणि गेल्या वर्षीची एखादी असाइनमेंट दाखवायला सांगा. नोंदी गाळलेला, चुका असलेला खरा डेटा हाताळायला दिला होता का? की नुसतं पीपीटी?

बिअर गेमबद्दलही विचारा. अमेरिकेतल्या एमआयटीत १९६०च्या सुमारास तयार झालेला हा खेळ बहुतेक ठिकाणी खेळवतात. त्यात किरकोळ विक्रेत्याकडची मागणी जराशी वाढते आणि कारखान्यापर्यंत पोचेस्तोवर ऑर्डरी भरमसाट फुगतात, त्यालाच बुलव्हिप इफेक्ट म्हणतात. खेळ झाल्यावर ऑर्डरींचे आलेख काढून सरांनी कारणं खोदून काढली असतील तरच त्याला अर्थ. नाहीतर तास मजेत गेला, एवढंच.

बंदर, वाहतूक, वेअरहाऊस यांत रस असेल तर इन्कोटर्म्स (आंतरराष्ट्रीय व्यवहारात खर्च आणि जोखीम कोणाकडे, हे ठरवणारे नियम) आणि कस्टम्सची कागदपत्रं नीट शिकवणारा, गोदामात इंटर्नशिप देणारा कोर्स घ्या. प्लॅनिंग किंवा खरेदीकडे जायचं असेल तर ईआरपीवर, म्हणजे कंपनीची खरेदी, साठा, हिशेब एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर, हात बसायला हवा. प्लेसमेंटच्या सरासरी पॅकेजवर जाऊ नका, पदनामं विचारा. सप्लाय चेनच्या बॅचमधली निम्मी मुलं सेल्समध्ये लागली असतील तर काय ते समजून घ्या.

अजून मन डळमळतंय? एमआयटीएक्सच्या, म्हणजे त्याच एमआयटीच्या ऑनलाइन शिक्षणाच्या, सप्लाय चेन मायक्रोमास्टर्समध्ये पाच ऑनलाइन कोर्स आहेत. त्यातला एससी झीरो एक्स बघा, तो संभाव्यता, संख्याशास्त्र आणि ऑप्टिमायझेशनचाच आहे. दोन-तीन आठवड्यांत कंटाळा आला, तर फी भरायच्या आधी पुन्हा विचार करायला वेळ आहे.