मीटरवर मिलीराँटजेन, पुस्तकात ग्रे, नव्या मीटरवर सीव्हर्ट: डोस रेट एकमेकांत कसा बदलायचा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चिंचोळी एमआयडीसीत रेडिओग्राफीच्या (किरणांनी धातूच्या आतलं तपासण्याच्या) कामाला नुकतेच लागलात, जुना मीटर मिलीराँटजेन प्रति तास दाखवतो, नवा डिजिटल मायक्रोसीव्हर्ट प्रति तास, आणि परीक्षेची गणितं ग्रे प्रति सेकंदात. मीही याच धंद्यातला. सोलापूर जिल्ह्यात साखर कारखान्यांना तोटा नाही. गाळप संपलं, बॉयलरची दुरुस्ती निघाली, की वेल्डिंगचे जॉइंट तपासायला आम्हाला बोलावणं येतं. तेव्हा साइटवर उपयोगी पडेल अशाच बेतानं सांगतो.

आधी परीक्षेचं उरकू. एक किलो पदार्थात १ ज्यूल ऊर्जा शोषली गेली की १ ग्रे. रॅड हे जुनं एकक, १०० रॅडचा १ ग्रे. जुन्या अमेरिकी मॅन्युअलमध्ये रॅडच भेटतो. डोस रेट म्हणजे मात्रा (डोस) मिळण्याचा वेग, त्यात वर मात्रा असते आणि खाली वेळ. दोन्ही एकाच दमात बदलायला गेलात की शून्यं इकडची तिकडे होतात. म्हणून आधी फक्त वेळ बदला. समजा ०.०५ मायक्रोग्रे प्रति सेकंद दिलंय. तासात ३६०० सेकंद, म्हणजे १८० मायक्रोग्रे प्रति तास. आता मात्रा: १८० मायक्रोग्रे म्हणजे ०.१८ मिलीग्रे, म्हणजे १८ मिलीरॅड प्रति तास. झालं. कॅन्सरच्या उपचारात सेंटीग्रे वापरतात, तिथे तर गुणाकारही नाही. १ सेंटीग्रे म्हणजे बरोबर १ रॅड.

परीक्षेत कधी वॉट प्रति किलो असंही विचारतात. दचकू नका. ज्यूल प्रति सेकंद म्हणजे वॉट, त्यामुळे १ ग्रे प्रति सेकंद म्हणजेच १ वॉट प्रति किलो. हिशेब चोख आहे, पण त्यावरून धोक्याचा अंदाज बांधू नका. सगळ्या शरीराला एकदम ४ ग्रे मिळाले आणि उपचार झाले नाहीत, तर माणूस दगावण्याची शक्यता निम्म्याच्या घरात जाते. तीच ऊर्जा उष्णता म्हणून मोजली तर शरीर एका अंशाच्या हजाराव्या भागाइतकंच तापेल. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात नुसतं उभं राहिलं तरी याहून जास्त तापतं! नुकसान होतं ते पेशीतल्या डीएनएचे धागे तुटल्यामुळे. त्याला ऊर्जा फार लागत नाही.

आता खरा घोळ. राँटजेन हे शोषित मात्रेचं एककच नाही. क्ष-किरण किंवा गॅमा किरणांनी हवेत किती विद्युतभार सुटा केला, ते राँटजेन सांगतो. १ राँटजेनमुळे हवेत सुमारे ८.८ मिलीग्रे शोषले जातात, मऊ ऊतीत सुमारे ९.६. साइटवर आम्ही सरळ १० धरतो. चूक होतेच, पण आकडा थोडा जास्त येतो, म्हणजे चूक आपल्या बाजूची. सीव्हर्ट म्हणजे किरणांच्या प्रकारानुसार शरीरावरचा परिणाम धरून मोजलेली मात्रा. ग्रेवरून सीव्हर्टला जाताना गॅमाचा गुणक १ असल्यानं आकडा तोच राहतो. अल्फा कणांना तो २० आहे, पण आपल्या कामात अल्फाचा संबंध येत नाही.

म्हणून पाठ करायचं ते एवढंच: १ मिलीराँटजेन प्रति तास म्हणजे अदमासे १० मायक्रोसीव्हर्ट प्रति तास. अणुऊर्जा नियामक मंडळाची कामगारांसाठीची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलीसीव्हर्ट आहे. वर्षाचे २००० कामाचे तास धरले तर तासाला १० मायक्रोसीव्हर्ट येतात. जुन्या मीटरवर तो बरोबर १ चा आकडा. सामान्य लोकांसाठी मर्यादा वर्षाला १ मिलीसीव्हर्टच आहे, त्यामुळे कामाच्या जागेभोवती कुणी येऊ नये म्हणून दोरी बांधताना कारखान्यातल्या बाकीच्या माणसांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

इरिडियम-१९२ चा २० क्युरीचा (क्युरी हे किरणोत्सर्गाच्या ताकदीचं एकक) सोर्स, म्हणजे आपल्या कामातला गॅमा किरणांचा स्रोत, उघडा असेल तर एक मीटरवर तासाला सुमारे १० राँटजेन. दहा मीटरवर अंतराच्या वर्गानं भागून १०० मिलीराँटजेन, म्हणजे १ मिलीसीव्हर्ट प्रति तास. तिथे सहा मिनिटं थांबलात की ०.१ मिलीसीव्हर्ट पदरात. मीटर वेग दाखवतो, अंगावर लावलेल्या मात्रा मोजणाऱ्या बॅजवर मात्रा साठते. वेगाला तिथे घालवलेल्या वेळानं गुणल्याशिवाय बॅजचा अंदाज येत नाही.

काट्याच्या मीटरवर रेंजचं बटण असतं. ते १०० पटीवर असताना काटा २ वर दिसला तर ते २०० आहेत. मी पाहिलेल्या चुका गुणाकारातल्या कमी, या बटणाच्याच जास्त. आणखी एक, काही जुने जीएम (गायगर-म्युलर) ट्यूबचे, म्हणजे किरण मोजणाऱ्या वायूच्या नळीचे मीटर फारच जोरदार किरणांत गुदमरून शून्याकडे येतात. सोर्स बाहेर असताना शून्य दिसलं तर पुढे नाही, मागे सरकायचं.

ऑनलाइन कन्व्हर्टर चालेल का, असंही विचारलंत. ग्रे आणि रॅड यांच्यात खुशाल वापरा. राँटजेनचं उत्तर मात्र तो हवेसाठी देतोय की ऊतीसाठी, हे बघितल्याशिवाय वहीत उतरवू नका.