सोडलेले खेळाडू, राखलेले खेळाडू

प्रश्न : मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो, कॉलेजात शिकतो. आमच्याकडे फुटबॉलच्या हंगामाआधी के.एस.ए.कडे (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) खेळाडूंची नोंदणी सुरू झाली, की कोण कुठल्या तालमीच्या संघाकडे गेला यावर रात्र रात्र चर्चा चालते. अमेरिकेतले बेसबॉल संघ मात्र चांगल्या खेळाडूंना एक पैसा न घेता सोडून देतात, असं वाचलं. असं का करत असतील?

उत्तर : सोडतात खरं. त्यामागे दर वेळी राग किंवा नाराजी असते असं नाही, बऱ्याचदा जागेचा आणि पगाराचा हिशेब असतो. प्रत्येक संघाची चाळीस जणांची यादी असते आणि त्यातले सव्वीस मुख्य संघात. नवा माणूस घ्यायचा तर जुन्याला काढावं लागतं. वरच्या पातळीवरची साधारण पहिली तीन वर्षं खेळाडूला किमान पगाराच्या आसपासच मिळतं. चौथ्या वर्षापासून पगारावर एकमत झालं नाही तर लवाद बसतो, आणि तो आकडा सहसा दर वर्षी चढत जातो. सहा वर्षं भरली की खेळाडू कुठल्याही संघाकडे जायला मोकळा. त्यामुळे हिवाळा आला की प्रत्येक संघ एकच प्रश्न घेऊन बसतो : पुढच्या वर्षी हा माणूस वाढलेल्या पगाराला उतरेल का?

हा प्रश्न चुकीच्या रीतीनं सोडवला की काय होतं, ते डेव्हिड ऑर्टिझच्या गोष्टीत दिसतं. डिसेंबर २००२ मध्ये मिनेसोटाच्या संघानं त्याला सोडून दिलं. वय सत्तावीस. त्या हंगामात १२५ सामने, २० होमरन (चेंडू थेट कुंपणापार मारलेले फटके). मनगट आणि गुडघा दुखावलेला, क्षेत्ररक्षणात फारसा उपयोग नाही, आणि पगार वाढणार होता. जानेवारी २००३ मध्ये बोस्टननं त्याला साडेबारा लाख डॉलरला घेतलं. म्हणजे तिथल्या भावानं किरकोळीत.

आता वही काढा. ते २० होमरन त्यानं हिशेबात धरल्या जाणाऱ्या ४१२ पाळ्यांत मारले होते. पूर्ण हंगाम रोज खेळवलं आणि तशा सहाशे पाळ्या मिळाल्या, तर त्याच वेगानं एकोणतीस होतात. हा आकडा मिनेसोटाच्या कागदावरही होता. त्यांनी दुखापतींचा माणूस बघितला, सत्तावीस वर्षांचा माणूस बघितला नाही. बोस्टनलाही तो पहिल्याच दिवशी उमगला असं मी म्हणणार नाही. सुरुवातीला तो आलटून पालटून खेळत होता. मे अखेरीस शे हिलनब्रँडला दुसऱ्या संघाला दिलं, तेव्हा कुठं ऑर्टिझला रोजची जागा मिळाली. वर्षअखेर ३१ होमरन! पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या यांकीजविरुद्धच्या सात सामन्यांच्या मालिकेत बोस्टन पहिले तीन सामने हरून बसलं होतं. चौथा सामना बाराव्या डावात ऑर्टिझच्या होमरननं जिंकला, पाचवा चौदाव्या डावात त्याच्याच फटक्यानं. पुढं १९१८ नंतरचं पहिलं विजेतेपद आलं. निवृत्त झाला तेव्हा त्याच्या नावावर ५४१ होमरन होते.

तेव्हा तुमच्या पेठेत कुणी म्हणालं, ‘सोडला म्हणजे त्याच्यात काही दम नसणार’, तर त्याला आधी विचारा : त्याला खेळायला मिळालं किती?

प्रश्न : बेसबॉलपटू हुआन सोटोला ७६ कोटी ५० लाख डॉलर! एका माणसावर एवढा पैसा लावणं शहाणपणाचं आहे का? (गुजरीतले एक सराफ)

उत्तर : शेठ, करार पंधरा वर्षांचा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी केला. सगळ्यात मोठी गोष्ट वय. बहुतेक खेळाडू मोकळे होतात तेव्हा तिशीला टेकलेले असतात, हा सव्वीसचा होता, कारण मुख्य संघात तो एकोणिसाव्या वर्षीच आला.

दुसरी गोष्ट जरा सावकाश बघू. पिचरनं, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यानं, टाकलेले चार वाईट, म्हणजे मारण्याच्या टप्प्याबाहेरचे, चेंडू न मारता सोडले, की बॅटरला पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, फुकट मिळतो. त्याला वॉक म्हणतात. २०२४ मध्ये सोटोनं ४१ होमरन मारले, ते सगळ्यांना दिसले. त्याच हंगामात त्यानं १२९ वॉक घेतले, ते कुणी फारसं बोललं नाही. बेसवर पोचण्याचं त्याचं प्रमाण .४१९ होतं. म्हणजे हजार वेळा बॅट घेऊन उतरला, तर ४१९ वेळा बाद न होता बेसवर. गिऱ्हाईक घडणावळ बघतं, तुम्ही काट्यावरचं वजन बघता. सोटोचं वजन त्या सोडलेल्या चेंडूंत आहे.

हेच वजन ओकलंडच्या संघानं कमी पैशात शोधलं होतं. कोपराच्या दुखापतीनंतर कॅचरची (बॅटरच्या मागं बसून चेंडू पकडणाऱ्याची) फेक जमेना म्हणून स्कॉट हॅटेबर्गची कुणाला गरज नव्हती. पण वाईट चेंडू सोडण्याची त्याची नजर शाबूत होती. ओकलंडनं त्याला घेतलं आणि पहिला बेस राखायला शिकवलं. २००२ मध्ये तो संघ १०३ सामने जिंकला. सलग विसावा विजय हॅटेबर्गच्याच होमरननं आला.

सोटोच्या कराराची शेवटची चार-पाच वर्षं मात्र मला जड वाटतात. करार संपेल तेव्हा तो चाळिशीला पोचलेला असेल. पहिल्या दहा वर्षांच्या खेळासाठी ही किंमत आहे आणि पुढची वर्षं तिच्याबरोबर आली आहेत, असंच मी धरतो.

प्रश्न : आपल्याकडचा कुणी तिकडच्या संघात गेला का?

उत्तर : रिंकू सिंह आणि दिनेश पटेल, दोघंही उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू. चेंडू किती वेगानं आणि किती अचूक टाकता, एवढ्यावर झालेल्या स्पर्धेतून पुढं आले आणि २००८ मध्ये पिट्सबर्गच्या संघानं त्यांना करारबद्ध केलं. मुख्य संघापर्यंत दोघंही पोचले नाहीत. तरी बेसबॉल कधी न खेळलेली पोरं तिथवर गेली, याचं मला फार कौतुक आहे.

प्रश्न : मी शाळेत मुलींचा सॉफ्टबॉल संघ सांभाळते. एकच जागा शिल्लक आहे आणि मुली दोन. एक लांब मारते, पण वरचेवर बाद होते. दुसरीचा फटका मोठा नाही, पण बघावं तेव्हा ती बेसवर असते. कुणाला घेऊ?

उत्तर : ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून मी दुसरीला घेईन. पण ‘वरचेवर’ आणि ‘बघावं तेव्हा’ हे आपले शब्द आहेत, मोजणी नाही. या दोन शब्दांनी माझ्या हातून एका पोराचं नुकसान झालंय, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी शाळेत पी.टी. शिकवत होतो. माझ्या संघात एक कॅचर होता, कमी बोलणारा. एका महत्त्वाच्या सामन्यात चेंडू त्याच्या हातातून निसटून मागं गेला, तिसऱ्या बेसवरच्या गड्यानं धाव पुरी केली आणि आम्ही हरलो. पुढच्या निवडीत मी त्याचं नाव घातलं नाही. कुणी विचारलं की सांगायचो, त्याच्याकडून चेंडू सुटतात.

नव्या कॅचरला द्यायला म्हणून मी तो जुना मिट (कॅचरचा ग्लोव्ह) कपाटातून काढला. अंगठ्याजवळची चामड्याची वादी तुटलेली होती. त्या पोरानं तिथं पतंगाचा मांजा सातआठ वेढे गुंडाळून गाठ मारली होती. तीही सुटलेली. चेंडू त्या फटीतून गेला होता. मी चप्पल लाइनमधल्या एका कारागिराकडे मिट घेऊन गेलो, त्यानं दहा मिनिटांत नवी वादी ओवून दिली. घरी येऊन वर्षभराची वही उघडली. अकरा सामन्यांत त्याच्याकडून तीन चेंडू सुटले होते. नव्या कॅचरनं तेवढे पहिल्या दोन सामन्यांतच सोडले.

तो पोरगा परत मैदानावर आला नाही. मी त्याच्या घरी जायला हवं होतं, गेलो नाही. ते मला आजही बोचतं.

म्हणून दोघींना एकाच पिचरसमोर वीस-वीस वेळा उभं करा, चार-पाच दिवसांत विभागून. बाद, फटका, वॉक असं लिहाच, आणि प्रत्येक वेळी किती चेंडू बघितले तेही लिहा. वाईट चेंडूवर बॅट किती वेळा फिरली, याचा रकाना वेगळा ठेवा. लांब मारणारी मुलगी वाईट चेंडूंवरच बाद होत असेल, तर तिला महिनाभरात सुधारता येईल, मग माझं मत बदलेल. चांगल्या चेंडूंवरही चुकत असेल, तर दुसरीलाच घ्या.

जिला घेणार नाही, तिला फळ्यावर यादी लागण्याआधी तुम्ही स्वतः सांगा, वही उघडून, रकाना दाखवून. आणि सांगण्याआधी तिचा ग्लोव्ह एकदा हातात घेऊन बघा.