आधी ओळख, मग हात लाव

बेटा,

तुझा फोटो परत परत मोठा करून पाहिला. खोक्यात जुन्या ओढणीवर बसलेलं काळं पिल्लू, शेजारी दूधभाताची वाटी. "काकू, कावळ्यांनी टोचून मारलं असतं म्हणून उचललं. आता खातही नाही, उडतही नाही. ठेवू की सोडू?" ठेवण्या-सोडण्याचं नंतर बघू. ते आहे कोण, हे तू लिहिलंच नाहीस!

पाय बघ त्याचे. दोन बोटं पुढे, दोन मागे. कावळ्याची तीन पुढे आणि एक मागे असतात. हे कोकिळेचं पोर आहे. डोळे अजून लाल झालेले नाहीत, म्हणून तुला कळलं नाही. मोठ्या कोकिळेला कावळे पिटाळून लावतात ते तू पाहिलं असशील, पण या पोराला त्यांनीच अंड्यापासून उबवलंय, भरवलंय. घरट्याबाहेर पडल्यावरही बरेच दिवस तेच भरवतात. त्यांचा आरडाओरडा त्याच्यावर नव्हता गं. तुझ्या फोटोत मागे कुंपणावर मांजर बसलीय, ती बघ.

म्हणून म्हणते, आधी ओळख. पारव्याचं पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच घालून त्यांच्या गळ्यात तयार झालेलं दाट खाद्य खातं. बुलबुलाच्या पिल्लाला किडे लागतात. पाकोळीचे पाय इतके आखूड की जमिनीवर पडली तर तिला उठणं जड जातं, आणि लोक तिला लंगडी समजून दिवसच्या दिवस डांबून ठेवतात. धडधाकट असेल तर उंच जागी उघड्या तळहातावर धरायची, निघून जाते. तिघांनाही आपण काय देतो? दूधभात! पाखरांना दूध पचत नाही. आणि चोच उघडून पाणी ओतू नकोस. श्वासनळीचं तोंड जिभेच्या मागेच असतं, पाणी थेट आत जातं.

तुला रागवत नाहीये. तू ऑफिसला दांडी मारून त्याच्यापाशी बसलीस, हे मला फार आवडलं. पण नुसत्या मायेने भागत नाही. माझ्या माहेरी, बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या वाड्यात, पिंजऱ्यात पोपट होता. चहात भिजवलेली पोळी, दिवसभर मिठू मिठू, कौतुकाला तोटा नव्हता. संध्याकाळी थवा डोक्यावरून ओरडत गेला की तो दांडीवर इकडून तिकडे धावायचा आणि घरातले म्हणायचे, बघा कसा नाचतोय. ते आठवलं की अजूनही घशाशी येतं. त्याला कुणी ओळखलंच नव्हतं.

सोसायटीत माझ्याबद्दल काय बोलतात ते तुझ्याही कानावर आलं असेल. जास्वंदीखाली बुलबुलाचं पिल्लू बसलं होतं आणि ही बाई खुर्ची टाकून नुसती बघत राहिली, काळीज नाही हिला. बसले होते मी, दुपारभर, मांजर हाकलत. त्याची आई दर थोड्या वेळाने किडा घेऊन येत होती. बुलबुलाची पिल्लं नीट उडता येण्याआधीच घरटं सोडतात, हे सांगून कुणी ऐकेना. उचलून घरात नेलं असतं तर सगळ्यांनी वाहवा केली असती. मी तेव्हाही बरोबर होते, आजही तेच करेन.

उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांज्याने पंख कापलेलं पाखरू दिसलं, रक्त दिसलं, पंख लोंबताना दिसला, तर मात्र बघत बसायचं नाही. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, उबेत ठेवायचं आणि १९६२ वर फोन करून गुजरातची पशुपक्ष्यांसाठीची करुणा अॅम्ब्युलन्स बोलवायची. पाळायचा विचार तर करूच नकोस, १९७२ च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे तो गुन्हा आहे.

तुझ्या पिल्लाला जखम नाही, दोन्ही पंख सारखे मिटलेत. तेव्हा दूधभात उचल. आत्ता, उजेड आहे तोवर, उचललंस त्याच झाडाच्या फांदीवर त्याला ठेव, मांजर पोचणार नाही इतक्या उंच. माणसाचा हात लागला म्हणून कावळे टाकतील, ही भीती मनातून काढ. मग गॅलरीत जा, पडद्याआड बस आणि फोन खाली ठेव. कावळा भरवायला आला तर किती वाजता आला, चोचीत काय होतं, पिल्लाने पंख कसे थरथरवले, सगळं वहीत लिही. अंधार पडेपर्यंत कुणीच आलं नाही तर मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. आणि पायाच्या बोटांचं चित्र काढून पाठव. फोटो नको, चित्र.

तुझी,
काकू