आधी ती वाटी उचल

«मावशी, आमची चिंगी दीड वर्षाची. ठाण्यात सातव्या मजल्यावर राहतो, खिडक्यांना जाळ्या आहेत, ती बाहेर जात नाही. पण जिथे तिथे नाक खुपसते. ओट्याखालचा खण पंजाने उघडते, पडद्यावर चढते, पहाटे 4 ला आमच्या अंगावरून धावते. बॉल, पिसांची काठी, कापडी उंदीर, बोगदा, सगळं आणलं. दोन दिवसांत कंटाळते. नवरा म्हणतो, सोबतीला दुसरं मांजर आणू. दिवसभर मी ऑफिसात, फार अपराधी वाटतं. खाण्याची मात्र आबाळ नाही, तिची वाटी चोवीस तास भरलेली असते. काय करू? – वैतागलेली, ठाणे»

अगं मुली, खेळण्यांची एवढी यादी दिलीस आणि वाटीचं वाक्य जाता जाता टाकलंस, तेही स्वतःची पाठ थोपटून घ्यायला. घोळ तिथेच आहे.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात शिंकं टांगलेलं असायचं. त्यात दुधाचं भांडं. खाली मांजर बसलेलं, अर्धा अर्धा दिवस. उडी कुठून मारायची, भिंतीवरून की मांडणीवरून, याचा हिशेब चाललेला. शिंकं काही रोज तुटत नसे. मग धान्याच्या कोठीमागचे उंदीर, कौलांवरच्या चिमण्या, दारात आलेली कोळीण. त्या मांजराला खेळणं आणून द्यायचं कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मोकळं मांजर दिवसात दहा-वीसदा चिमूटभर खातं, आणि त्या प्रत्येक घासासाठी दबा धरतं, वाट बघतं, झेपावतं, बऱ्याचदा चुकतं. चिंगीची तू नोकरी काढून घेतलीस आणि पगार मात्र चालू ठेवलास. रिकामा हात खणाकडे जाणारच. सकाळी वाटी काठोकाठ भरलीस की तुला बरं वाटतं. तिला काय वाटतं, ते पडद्यांना विचार.

तेव्हा वाटी उचल. ‘वाटी राहू दे, शिवाय खेळणंही देते’ असं चालायचं नाही. 2021 साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 17 घरगुती मांजरांपुढे दोन्ही ठेवलं: एकीकडे आयतं खाणं, दुसरीकडे खटपट करून काढायचं. बहुतेकांनी आयतंच पसंत केलं. उंदरांना, पक्ष्यांना थोडी खटपट आवडते म्हणतात. मांजर मात्र फुकटचं सोडत नाही. उगाच का आपल्याकडे बोका आणि शिंक्याची म्हण आहे!

तिचा दिवसाचा शिधा डॉक्टरांना विचारून एकदा मोजून घे. त्यातले चार दाणे अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या खळग्यांत टाक, चार जुन्या टॉवेलच्या घडीत, चार कपाटाच्या माथ्यावर. रिकाम्या बाटलीला दाण्यापेक्षा जरा मोठी भोकं पाड, ढकलली की एखादा दाणा पडेल. पहिले दोन दिवस अगदी सोपं ठेव, तिच्यादेखत लपव. रोज जागा बदल. ऑफिसला निघताना हे पाच मिनिटांचं काम आहे. आणि संध्याकाळी उरलेले दाणे आठवणीने वेच, नाहीतर तुझ्या घरात मुंग्यांचीच शिकार सुरू होईल.

तिला उपाशी ठेवून वळण लावायला जाऊ नकोस मात्र. एखाद-दोन दिवस अन्न पोटात गेलं नाही तर मांजराचं यकृत बिघडू शकतं, जाड मांजराचं तर लवकर. कोडं सुटलं नाही तर सरळ हातावर दे. पाणी मात्र नेहमीच्या जागी, उघडं.

पिसांची काठी टाकून देऊ नकोस. ती तिच्या तोंडापुढे नाचवतेस ना तू? कुठला उंदीर मांजराच्या तोंडापुढे येऊन नाचतो? सोफ्याआडून सरपटत ने, थांबव, दाराआड लपव. मग पकडू दे. रात्री झोपण्याआधी दहा मिनिटं हे, आणि लगेच दिवसाचं शेवटचं खाणं. शिकार झाली, पोट भरलं, अंग चाटलं की मांजर झोपतं. पहाट ही त्यांची मूळचीच वेळ, त्यामुळे 4 ची धावपळ एका रात्रीत थांबणार नाही. पण त्या वेळी तू उठून खाऊ दिलास तर ती कायमची झाली म्हणून समज. खेळ संपला की काठी कपाटात, दोरी गिळली तर आतड्यात अडकते. गजऱ्याचे दोरे आणि रबरबँडही आवर.

दुसरं मांजर? नवऱ्याला सांग, एका बेकाराला कंटाळा आला म्हणून घरात दुसरा बेकार आणत नाहीत.

आज रात्रीच ती वाटी घासून, पुसून वरच्या फळीवर ठेव. ओट्याखाली नको, तो खण तिला उघडता येतो, तूच लिहिलंयस.