लोकेशन बंद, तरी जाहिराती बर्डीच्याच

प्रश्न : लोकेशन बंद ठेवूनही बर्डीवर गेलं की तिथल्याच दुकानांच्या जाहिराती दिसतात. असं कसं?
– एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : त्या बटणाने ॲप्सना फोनकडून मिळणारं लोकेशन थांबतं, इतकंच. आयपी ॲड्रेसवरून, म्हणजे इंटरनेटवरच्या तुमच्या फोनच्या पत्त्यावरून, नागपूर कळतं, आणि बर्डीतलं दुकान आधी सर्च केलं असेल तर जाहिरातीला तेवढं पुरतं. म्हणून आधी गुगल खात्यातली ‘वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी’, म्हणजे तुमच्या सर्चची आणि ॲप्सच्या वापराची नोंद, बंद करा. टाइमलाइन (तुम्ही कुठे कुठे गेलात याची गुगलची नोंद) बंद केली तरी ही वेगळी नोंद चालूच राहते, आणि बहुतेकांचं नेमकं इथेच चुकतं. मग सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, ॲड्स इथे जाऊन ‘ॲडव्हर्टायझिंग आयडी’, म्हणजे जाहिरातींसाठी फोनला दिलेला ओळख क्रमांक, डिलीट करा.

लोकेशन चालू करावं लागलंच, तर एकेका ॲपची परवानगी तपासा. अँड्रॉइड 12 पासून ‘प्रिसाइज लोकेशन’ बंद करता येतं. मग ॲपला सुमारे 3 चौरस किलोमीटरचा परिसरच कळतो. हवामानाच्या ॲपला तो भरपूर झाला. रिक्षा बोलावताना मात्र अचूक लोकेशन लागतं, नाहीतर रिक्षा भलत्याच गल्लीत उभी राहील. तिथे ‘फक्त ॲप वापरताना’ हा पर्याय ठेवा. टॉर्चच्या ॲपने लोकेशन मागितलं, तर ते ॲपच काढून टाका.

मोबाइल कंपनीला टॉवरवरून तुमचा परिसर कळतोच. त्यावर फोनमध्ये एकच उपाय, एअरप्लेन मोड.