गोव्यातल्या करमळीच्या तळ्यावर उडणारे शेकाटे (लांब पायांचे पाणपक्षी) फिल्म कॅमेऱ्याने कसे टिपावेत?

सकाळी लवकर जा. ऊन आणि वारा दोन्ही पाठीशी हवेत: शेकाट्या वाऱ्याच्या तोंडाला उडतो, म्हणजे तुमच्याकडेच येतो. ४०० आयएसओची (आयएसओ म्हणजे फिल्मची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता) निगेटिव्ह फिल्म, शटर १/१००० सेकंद, अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) एफ/५.६ ते ८.

त्याच्यामागे फोकस फिरवत बसू नका. एका अंतरावर आधीच लावून ठेवा आणि तो तिथे पोचण्याच्या किंचित आधी बटण दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये पंख पूर्ण उघडलेले दिसले, की तो क्षण गेलाच. मागे ताणलेले ते लांब गुलाबी पाय फ्रेममध्ये मावायला जागा सोडा, ते कापले गेले की फार हळहळ वाटते.

बगळा असेल तर मीटर (कॅमेऱ्याचा प्रकाशमापक) गडद झाडीवर धरू नका, पिसं पांढरीफटक होतात. आणि फोटोसाठी थवा मुद्दाम उडवू नका, कृपा करून.